अनुभव धागा : खुर्ची, टक्केवारी आणि हसून हसून लागलेला ठसका

परवा वावरात भरीत पार्टी होती. वांगी भाजून बडजीत (भरीत ठेचायच्या लाकडी भांड्यात) उतरली, आणि कुणीतरी एका जुन्या सिनेमातल्या मंत्र्याची नक्कल केली. मग जो तो आपापल्या तालुक्यातलं सांगायला लागला. भरीत गार झालं.

तर मंडळी, लिहा. सरकारी खाबूगिरीवरचा सिनेमा, मालिका, वग पाहताना ‘हे तर आपल्याकडचंच!’ असं कधी वाटलं? अट एकच: सिनेमाचं नाव चालेल, खऱ्या माणसाचं आणि कचेरीचं नको.

निवृत्त कारकून, धुळे जिल्हा

मकरंद अनासपुरेंचा ‘जाऊ तिथे खाऊ’ (2007) आम्ही घरी सगळ्यांनी मिळून पाहिला. विहीर चोरीला गेली म्हणून माणूस तक्रार करतो. पोरं लोळून हसत होती. मला मात्र आमची एमबी आठवत होती.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: एमबी म्हणजे मोजमाप पुस्तिका. किती खोदलं, किती बांधलं हे साहेबांनी जागेवर जाऊन मोजायचं आणि त्यात लिहायचं, मग बिल निघतं. एकदा माझ्या टेबलावर एका विहिरीची एमबी आली. खोली, व्यास, बांधकाम, सगळं मीटरमध्ये, दोन दशांशांपर्यंत. तिथेच मला शंका आली. चाळीस वर्षांत खरी विहीर इतकी गोल निघालेली मी पाहिली नव्हती. त्याच गावचा शिपाई होता, त्याला विचारलं, “इहीर कोठे शे भो?” तो गालात हसला. “कागदवर शे ना, आप्पा!”

मी काय केलं? टिपण लिहिलं. फाइल दुसऱ्या टेबलावर गेली. पुढच्या महिन्यात मीही दुसऱ्या टेबलावर गेलो. सिनेमात निदान शेवटी टाळ्या पडतात.

अमळनेरकडचा म्हातारा

सिनेमाचं तुमचं तुम्ही बघा. मी तमाशातला माणूस, म्हणजे बघणारा. गण-गवळण झाली की बतावणीत सोंगाड्या सुटायचा. आमच्या यात्रेत एकदा ज्यानं तमाशाची सुपारी दिली तोच पुढारी पहिल्या रांगेत बसलेला. सोंगाड्यानं त्याच्याच रस्त्याचा विषय काढला, पावसात वाहून गेलेल्या. पुढारी सगळ्यांत मोठ्यानं हसला आणि शंभराची नोट पुढे केली. सोंगाड्यानं नोट कपाळाला लावली, उलटसुलट बघितली आणि म्हणाला, “मालक, ही कोणत्या बजेट हेडमधून?”

बांधावरचा, रावेर

‘लॉबी’ म्हणजे लॉजमधली सोफ्याची जागा, एवढंच मला बरीच वर्षं माहीत होतं. मग पुण्यात शिकताना ‘थँक यू फॉर स्मोकिंग’ (2005) पाहिला. नायक तंबाखू कंपन्यांची वकिली करतो, दारूवाल्यांची आणि बंदूकवाल्यांची बाजू मांडणाऱ्या दोघांबरोबर जेवायला बसतो आणि कुणाच्या मालानं जास्त माणसं मरतात यावर पैज लागल्यासारखे बोलतात. गंमत म्हणजे अख्ख्या सिनेमात एकही पात्र सिगारेट ओढताना दिसत नाही.

सुट्टीत बाबांना दाखवला. मधे थांबवून समजावत होतो, की अमेरिकेत या लॉबीवाल्यांना, म्हणजे कंपन्यांसाठी सरकारकडे वजन वापरणाऱ्यांना, सरकारदरबारी रीतसर नोंद करावी लागते, 1995चा कायदा आहे, कुणाकडून किती पैसे घेतले ते सांगावं लागतं. आपल्याकडे तशी नोंदच नाही. आपल्याकडे ‘शब्द टाकतात’.

बाबा म्हणाले, “म्हणजे दलाल.”

“तसाच, पण सुटातला.”

“आपला दलाल निदान घड बघायला वावरात येतो.”

त्या वर्षी बाजार समितीच्या बोर्डावर केळीचा भाव एक लागला होता आणि बांधावर ट्रक उभा राहिला तेव्हा दुसराच निघाला. भाव कोण ठरवतं हे बाबांनी तेव्हा चार जणांना विचारलं होतं. चौघांनी एकमेकांकडे बोट दाखवलं. त्यामुळे सिनेमा त्यांना नवा वाटलाच नाही. फक्त म्हणाले, हा माणूस गोड बोलतो, आपल्याकडचे तेवढेही कष्ट घेत नाहीत.

सिस्टर, सातपुड्याच्या पायथ्याशी

पुतण्यानं ‘येस मिनिस्टर’चा 1981चा एक भाग दाखवला. नवंकोरं हॉस्पिटल, पाचशेच्या आसपास कर्मचारी, रुग्ण एकही नाही, आणि स्वच्छतेच्या बक्षिसाला नाव! आमच्याकडे उलट. रुग्ण दारापर्यंत, कारकुनाची जागा रिकामी, रजिस्टर मीच भरते. पण तपासणीच्या दिवशी आम्हीही लोकांना ‘उद्या या’ सांगून फरशी पुसलीय, त्यामुळे फार हसले नाही. (याच मालिकेवरून हिंदीत ‘जी मंत्रीजी’ आली होती, फारुख शेख होते त्यात. तीही बघा.)

पारोळ्याची मावशी

मला वेगळंच म्हणायचंय. ‘जाने भी दो यारो’ (1983) दूरदर्शनवर लागला तेव्हा महाभारताच्या प्रवेशाला आम्ही पोट धरून हसलो होतो. आयुक्ताचं प्रेत द्रौपदी झालेलं! अलीकडे परत पाहिला तर तो प्रवेश पटकन सरला आणि शेवट अडकून राहिला. पूल पडतो, आणि कैद्याचे कपडे त्या दोन फोटोग्राफर पोरांच्या अंगावर.

कारण मधल्या काळात मी माहितीच्या अधिकारात आमच्या नाल्यावरच्या मोरीची माहिती मागितली. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून अर्ज. मोरी दोन पावसाळ्यांत बसली होती. तीस दिवस संपायला एक दिवस राहिला तेव्हा उत्तर आलं: सदर नस्ती (म्हणजे फाइल) आढळून येत नाही. आणि गावात चर्चा काय, तर मावशीला निवडणूक लढवायचीय.

तुम्ही सगळे हसताय ते ठीक. त्या पुढाऱ्यालाही हसू आलंच होतं की.

बांधावरचा, रावेर

मावशी, पहिलं अपील करा. तीस दिवसांत करावं लागतं. सुनावणीला मी येतो सोबत.

पारोळ्याची मावशी

केलंय रे. तारीख लागली की कळवते. येताना केळी आण, पैसे बोर्डाच्या भावानं देईन.