गडी "वांझ" होतो का? फवारणीच्या पुस्तिकेसाठी शब्द हवाय

सातपुडा_पायथा
चोपडा तालुक्यात केळी-कापसाच्या मजूर बायांसाठी फवारणी आणि आरोग्य या विषयावर एक छोटी पुस्तिका करतोय आम्ही दोघीतिघी. मूळ मजकूर इंग्रजी. त्यात एक वाक्य आहे की काही कीटकनाशकांमुळे स्त्री आणि पुरुष दोघांच्याही प्रजननक्षमतेवर परिणाम होऊ शकतो. मी तसंच लिहिलं आणि वाचून दाखवलं तर सगळ्या गप्प, एक म्हणाली प्रजननक्षमता म्हणजे काही सरकारी योजना असेल. मग "बाई किंवा माणूस वांझ होऊ शकतो" असं केलं तर हशाच पिकला. एक आजी म्हणे, "वांझ ते बाई ऱ्हास वो माय, गडी कसा वांझ व्हई?" बरं मग गड्यामुळे मूल होत नसेल तर त्याला काय म्हणता, असं विचारलं तर पदर तोंडाला. एकीने हळूच सांगितला तो शब्द नामर्द या अर्थाचा निघाला, तो मला नकोय कारण ती गोष्टच वेगळी आहे. तर बोलीत, अहिराणी असो की लेवा, पुरुषाकडून मूल न होण्याला शिवी नसलेला शब्द कोणाला ठाऊक आहे का?

गिरणाकाठ
वांझोटा आहे की ताई. आमच्याकडे भरपूर मोहोर येऊन फळ न धरणाऱ्या आंब्याला वांझोटा म्हणतात. तोच माणसाला लावा.

अमळनेरी
जिभाऊ, आंब्याला म्हणतात हो, आंबा काही अंगावर धावून येत नाही. माणसाला म्हणून बघा एकदा.

शुद्धमती
मुळात "वांझ बाईच असते" हा समज चुकीचा आहे. संस्कृतात वन्ध्य हे विशेषण तिन्ही लिंगांत चालतं. वन्ध्या, मग प्राकृतात वंझा, मग आपलं वांझ, आणि या प्रवासात फक्त बाईचं रूप तेवढं टिकलं. संस्कृत कवी भारवीने अवंध्यकोप हा शब्द वापरलाय, ज्याचा राग वाया जात नाही असा माणूस. म्हणजे पुरुषाचा राग वंध्य असू शकतो तर पुरुष का नाही? सरळ "पुरुष-वंध्यत्व" लिहा आणि कंसात अर्थ द्या. लोक नवा शब्द शिकतात. नसबंदी शिकलेच की नाही?

नर्सबाई
शब्द शिकले, करून कोण घेतं ते पण सांगा की सर. आमच्याकडे "ऑपरेशन झालं का" विचारलं की बाईचंच ऑपरेशन, नवऱ्याने केलं असेल तर तसं मुद्दाम सांगावं लागतं आणि सांगताना आवाज खाली जातो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशभरात बायकांची नसबंदी ३७.९ टक्के आणि पुरुषांची ०.३ टक्के. आता मूल न होण्याचं ऐका. जी येते ती बाई, फाइल तिच्या नावाची, सोबत सासू. पिशवी धुणं, नळ्यांची तपासणी, गोळ्या, नवस, दोनतीन वर्षं यातच जातात. नवऱ्याची तपासणी म्हणजे एका डबीचं काम, कापाकापी नाही की भूल नाही, स्वस्तही, पण ती सगळ्यात शेवटी. खरं तर निम्म्याच्या आसपास जोडप्यांत पुरुषाकडचं कारण एकटं किंवा जोडीला असतं. तर शब्द नाही कारण तपासणीच नाही, असं माझं साधं मत.

पिलबाग
मी कृषीवाला, म्हणून एक भर घालतो. शेतीत हा शब्द कधीचा आहे, नरवंध्य. १९६४ ला सीएसएच-१ ही संकरित ज्वारी आली ती नरवंध्य वाणावरच उभी होती. ज्या ताटाचा पराग मेलेला ते मादीसारखं वापरायचं, बाजूच्या ओळीचा पराग त्यावर घ्यायचा. कापसातही तसे वाण आहेत. आमचे वडील बियाण्याच्या प्लॉटवर "ही नरवंध्य ओळ, हिला हात लावू नका" असं अगदी बिनदिक्कत बोलायचे, कोणाला काही वाटायचं नाही. म्हणजे ज्वारीचा नर वंध्य चालतो, गावातला नाही.

आणि आपली केळी तर पूर्णच वांझ आहे. गुणसूत्रांचे तीन संच, त्यामुळे बी धरत नाही, फळ बिनपरागाचंच भरतं. लागवड कंदाने नाहीतर टिश्यूकल्चरच्या रोपाने, पिलबाग, म्हणजे बुंध्याच्या फुटव्यावरचं पुढचं पीक घ्यायचं तर पीलच ठेवायचं. असं हे झाड आपण लग्नाच्या मांडवाला बांधतो, वंश वाढावा म्हणून 😀

अमळनेरी
हे कुठल्या नव्या सुनेच्या सासूला सांगू नका.

बेलगंगा
केळीचा विषय निघालाच आहे तर लिहिते, थोडं लांब होईल. नेमागॉन नावाचं सूत्रकृमीनाशक होतं, रासायनिक नावाचं लघुरूप डीबीसीपी. मध्य अमेरिकेतल्या केळीच्या मळ्यांत ते धो धो वापरलं गेलं. १९७७ मध्ये कॅलिफोर्नियात ते बनवणाऱ्या कारखान्यातल्या कामगारांच्या बोलता बोलता लक्षात आलं की आपल्यापैकी कुणालाच गेल्या काही वर्षांत मूल झालेलं नाही. तपासलं तर कितीतरी जणांत शुक्राणू अगदी कमी, काहींत शून्य. यातली चीड आणणारी गोष्ट अशी की प्राण्यांवरच्या प्रयोगात वृषणं आक्रसतात हे १९६१ लाच छापून आलेलं होतं. अमेरिकेत १९७९ ला जवळपास सगळा वापर बंद झाला पण केळीच्या मळ्यांत त्यानंतरही चालू राहिलं आणि कोस्टा रिकात हजारो मजुरांना मूल झालं नाही.

आता याच्याच शेजारी दुसरी गोष्ट ठेवा. त्याच काळात अमेरिकेत शिसं वगैरे असलेल्या कामांवरून बायकांना काढून टाकायचं धोरण होतं, कारण काय तर पोटातल्या बाळाला धोका. वेस्ट व्हर्जिनियातल्या एका रंगद्रव्याच्या कारखान्यात १९७८ च्या सुमारास पाच बायकांनी नोकरी टिकवायला नसबंदी करून घेतली. शिशाने पुरुषाच्या शुक्राणूंनाही इजा होते हे माहीत असून पुरुषांना कोणी हलवलं नाही, शिसं कमी करण्याऐवजी बायकांनाच बाजूला केलं. १९९१ ला तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने असली धोरणं बेकायदा ठरवली. स्त्रीवादी बायका विज्ञानाबद्दल कटकट करतात म्हणतात ना, ती कटकट ही आहे. प्रश्न कोणाच्या शरीराला विचारायचा हे आधीच ठरलेलं असतं, मग उत्तरही तिथेच सापडतं. चोपड्याच्या आजी जे बोलल्या तेच त्या कारखान्याचे साहेब इंग्रजीत बोलत होते.

शुद्धमती
माहिती उत्तम. पण शब्द?

बेलगंगा
येतेच. मनूचं क्षेत्र-बीज आठवा, बाई म्हणजे शेत आणि पुरुष म्हणजे बी. मानववंशशास्त्रज्ञ लीला दुबे यांनी यावर फार नेमकं लिहिलंय, की बी ज्याचं पीक त्याचं, म्हणून मूल बापाचं आणि जमीनही बापाची. आता या हिशोबात पीक आलं नाही तर दोष कोणाचा? जमिनीचाच. बी किडकं होतं असं शेतकरी दुकानदाराला जाऊन सांगेल, घरात सांगणार नाही. गंमत म्हणजे मराठी पाठ्यपुस्तकाने न कळत मनूला उलटं केलंय, स्त्रीबीज म्हटलंय. बी बाईकडेही आहे!

गिरणाकाठ
ताई आपल्या अहिराणीत त्याच्याही आधीपासून आहे. आंडोर म्हणजे मुलगा, आंडेर म्हणजे मुलगी. हे अंड वरून आलं असणार, म्हणजे आपल्या लोकांना माहीत होतं की मूल अंड्यातून होतं!

शुद्धमती
असणार म्हणजे? पुरावा?

गिरणाकाठ
आंडोर. अंड. दिसत नाही का?

शुद्धमती
दिसण्यावर व्युत्पत्ती ठरली तर "खानदेश" खाण्यावरून आला म्हणाल.

अमळनेरी
भरीत-पुरी बघता तोच खरा उगम आहे.

बेलगंगा
गिरणाकाठ, युरोपात लेवेनहूकने शुक्राणू १६७७ ला पाहिले आणि सस्तन प्राण्याचं स्त्रीबीज फॉन बेअरला सापडलं १८२७ ला. मधली दीडशे वर्षं काही विद्वान शुक्राणूतच आख्खा माणूस घडी घालून बसलाय असं मानत होते. तेव्हा अहिराणीला आधी माहीत होतं तर आनंदच आहे, पण मलाही पुरावा लागेल. एमिली मार्टिन नावाच्या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी १९९१ मध्ये दाखवलं की पाठ्यपुस्तकांत शुक्राणू म्हणजे पोहत जाणारा वीर आणि स्त्रीबीज आपलं वाट बघत पडलेलं. आपल्याकडेही तेच. पाळीचं वर्णन बघा, "गर्भ न राहिल्यास अस्तर निरुपयोगी होऊन बाहेर टाकले जाते". निरुपयोगी कोणाला?

नर्सबाई
मूळ प्रश्नाला एक सांगते. रिपोर्ट हातात आला की आमच्याकडे लोक म्हणतात "त्याचे जंतू कमी हायेत". जुन्या पुस्तकात शुक्रजंतू होतं ना, त्यातलं शुक्र गळालं आणि जंतू राहिलं. यात शिवी नाही, मर्दपणावर बोट नाही, सर्दीखोकल्यासारखं बोलतात. "या फवारणीने माणसाचे जंतू कमी होऊ शकतात", बघा चालतंय का.

पिलबाग
हे बेस्ट आहे पण एक लोचा. जंतू मरतात म्हटल्यावर लोक म्हणतील बरं झालं, औषध म्हणजे जंतू मारायलाच असतं.

सातपुडा_पायथा
हो ना! आणि "औषध" हा तर अजून मोठा घोळ आहे, मी त्याबद्दल विचारायचंच विसरले. शेतात सगळे औषधच म्हणतात, औषध मारलं, औषध कालवलं, आणि "औषध पिलं" म्हटलं की घरात रडारड. पुस्तिकेत एका पानावर "औषध डॉक्टरांना विचारून घ्या" आहे आणि पुढच्या पानावर "औषधापासून लांब राहा". डब्यावरचा त्रिकोणही तसाच. लाल, पिवळा, निळा, हिरवा हे रंग एकदम पोटात किंवा कातडीतून अंगात गेलं तर किती विषारी एवढंच सांगतात. रोज थोडं थोडं अंगावर आलं तर गर्भावर, बीजावर काय होईल ते त्या रंगात नाहीच. पण हिरवा त्रिकोण म्हणजे बिनधास्त, असंच सगळ्यांना वाटतं. पाणी वाहून आणणारी बाई, टाकीत काडीने ढवळणारी बाई, नवऱ्याचा फवारणीचा शर्ट घरच्या कपड्यांत धुणारी बाई, मग दोन दिवसांनी त्याच वावरात निंदायला बसणारी पण बाईच, आणि पंप पाठीवर नाही म्हणून ती "फवारणीवाली" नाही.

शुद्धमती
म्हणूनच म्हणतो, विषाला विष म्हणा. "कीटकविष".

अमळनेरी
दुकानात जाऊन कीटकविष द्या म्हणा, आधी तुमच्या घरी फोन जाईल. सर, शब्द वरून टाकून रुजत नाही. तांबी बघा, तांब्याची म्हणून तांबी, आजीलाही कळते आणि डॉक्टरलाही. गर्भाशय कोणी म्हणत नाही, पिशवी म्हणतात.

शुद्धमती
आणि पिशवी म्हटल्यामुळेच ती काढून टाकायला काही वाटत नाही! भाजीची पिशवी, रेशनची पिशवी, तशी ही पण, मुलं झाली की कामाची नाही. "गर्भाशय काढतो" म्हटलं असतं तर बाई दहादा विचार करती. र. धों. कर्व्यांनी १९२१ ला मुंबईत केंद्र काढलं, पुढे १९२७ पासून समाजस्वास्थ्य चालवलं, त्यांनी नेमके शब्द वापरले. संततिनियमन. आडून बोलले नाहीत.

बेलगंगा
आणि त्या नेमक्या शब्दांवर अश्लीलतेचे खटले झाले. पण पिशवीबद्दलचं तुमचं म्हणणं मला अर्धं पटतं हो सर. अर्धंच, कारण बाई पिशवी शब्दामुळे काढत नाही. आपल्याकडून नंदुरबार-धुळ्याचे कोयते गुजरातेत ऊसतोडीला जातात, नवराबायको मिळून एक कोयता, तिची पाळी, तिचं अंगावर जाणं यासाठी कुणी सुट्टी धरत नाही. अंगावरून पांढरं जाणं हे दुखणं आहे हेच किती उशिरा मोजलं गेलं. बंग दांपत्याने गडचिरोलीत दोन गावांत ६५० बायका तपासल्या, १९८९ ला लॅन्सेटमध्ये आलं, ९२ टक्के बायकांना काही ना काही स्त्रीरोग, आणि आधी कधी अशी तपासणी झालेल्या फक्त ८ टक्के. तोवर सगळं शास्त्र बाईकडे पोट मोठं असेल तेवढ्यापुरतंच बघत होतं. गर्भाशय शब्दातसुद्धा बघा ना, गर्भाचा आशय. गर्भ नसेल तेव्हा ते काय आहे मग?

नर्सबाई
हे खरं. पिशवी निदान बाईची असते.

शुद्धमती
आशय म्हणजे ठिकाण. जलाशयात पाणी आटलं तरी जलाशयच म्हणतात. शब्दाला उगाच कोर्टात उभं करू नका.

अमळनेरी
बोलीत काय बारकावा असतो ते पण लिहून ठेवा. पोट पडलं आणि पोट पाडलं. एका कान्याचा फरक. डॉक्टरी मराठीत दोन्हीला गर्भपातच, मग आपोआप झालेल्या बाईकडेही बघणारा संशयाने बघतो.

सातपुडा_पायथा
हे फार कामाचं आहे, घेते. बरं सध्या मी असं केलंय: "या विषारी औषधाने बाईची पाळी बिघडू शकते, पोट पडू शकतं, आणि फवारणाऱ्या माणसाचं बीज कमी होऊ शकतं." चालेल?

बेलगंगा
बीज म्हटलं की मनू परत दारात. जंतू बरं.

पिलबाग
जंतू नको, वर सांगितलं का ते. बीज राहू द्या, शेतकऱ्याला बीज लगेच कळतं, उगवण कमी झाली म्हटलं की झालं.

शुद्धमती
"विषारी औषध" हा वदतोव्याघात आहे, एक शब्द दुसऱ्याला खोडतो.

गिरणाकाठ
रावेर-यावलकडचं कोणी आहे का इथं? लेवा गणबोलीत काय म्हणतात ते अजून आलंच नाही. आणि पिलबाग भाऊ, तुम्ही पिलबाग म्हणालात त्यावरून विचारतो, केळी मृगात लावली ती मृगबाग हे कळलं, पण केळीच्याच कांदेबागेत कांदे कुठून आले?

पिलबाग
कांदे लावायच्या दिवसांत लागवड म्हणून कांदेबाग, असं आमच्याकडे सांगतात.

गिरणाकाठ
मला वाटतं कंद वरून असणार.

शुद्धमती
पुन्हा "असणार"!