काँग्रेसच्या नव्हे, रद्दीच्या नादाने

काँग्रेसचे एक संस्थापक आणि पक्षीतज्ज्ञ ए. ओ. ह्यूमसाहेब काँग्रेसच्या नादी लागले म्हणून त्यांचं पक्ष्यांवरचं नियतकालिक ‘स्ट्रे फेदर्स’ बंद पडलं, असं म्हटलं जातं; ते अर्धंच पटतं. घाव आधीच बसला होता: सिमल्याच्या घरातली त्यांची पक्ष्यांवरची वर्षानुवर्षांची हस्तलिखितं नोकराने रद्दीच्या भावात बाजारात विकली. मग १८८५मध्ये पक्ष्यांच्या नमुन्यांचा सगळा संग्रह ब्रिटिश म्युझियमला दिला.

आपल्याकडच्यांनी मात्र हे नियतकालिक इतिहासजमा समजू नये. त्यातली फेअरबँक या नगरच्या मिशनऱ्याची खंडाळा-महाबळेश्वर-बेळगावच्या पक्ष्यांची यादी १८७६ची, तर व्हिडालची दक्षिण कोकणातल्या पक्ष्यांची ‘पहिली यादी’ १८८०ची, नवव्या खंडाची पहिली शंभरेक पानं खाऊन बसलेली! व्हिडालची नोकरी मुलकी खात्यातली, पण रत्नागिरीकडचे पक्षी टिपायचं काम त्याने जीव ओतून केलंय. कोकणातली जुनी नोंद शोधताय तर आधी तीच उघडा.