नॉर्मल बाळंतपण सिस्टरच्या हाती सोपवायला हरकत काय आहे?

सह्यवेडी

मागच्या महिन्यात वहिनी बाळंत झाली. तालुक्याच्या गावातलं खाजगी हॉस्पिटल, नाव नको. रात्री नऊला कळा सुरू झाल्या, सकाळी साडेदहाला मुलगी झाली. एवढ्या वेळात डॉक्टर दोनदा दिसल्या. अकरा वाजता येऊन "सकाळपर्यंत होईल" सांगून गेल्या, आणि मग थेट शेवटची वीस मिनिटं. बाकी सगळी रात्र होती ती एक सिस्टर. पोटावर पंजा ठेवून भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत कळा मोजायची. अर्ध्या तासाने डॉप्लर लावून बाळाचे ठोके ऐकायची, आम्हालाही ऐकवायची. वहिनीला पाठ टेकून पडू देईना. चालवलं, कुशीवर घेतलं, कंबर चोळून दिली. पहाटे तिने माझ्या आईला चहा करून आणायला पाठवलं, ते आई समोर रडत होती म्हणून, हे मला नंतर कळलं.

बिलात डॉक्टरांचे डिलिव्हरी चार्जेस होते. सिस्टरचं नाव कुठेच नव्हतं. निघताना आईने तिला पेढे आणि साडी दिली.

तर माझं म्हणणं असं. गरोदरपणात काही गुंतागुंत नसेल तर पहिल्या तपासणीपासून बाळंतपणापर्यंत सगळं प्रशिक्षित नर्सने करावं, स्वतःच्या सहीने करावं, आणि अडलं तर डॉक्टरला बोलवावं. ही काही माझी कल्पना नाही. केंद्र सरकारने २०१८ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. जीएनएम (बारावीनंतरचा नर्सिंगचा डिप्लोमा) किंवा बीएस्सी नर्सिंग झालेल्या अनुभवी नर्सला दीड वर्षाचं वेगळं प्रशिक्षण द्यायचं, तिला 'नर्स प्रॅक्टिशनर इन मिडवायफरी' (मिडवाइफ म्हणजे बाळंतपणाचं खास शिक्षण घेतलेली) म्हणायचं आणि मोठ्या सरकारी रुग्णालयात अशा नर्सेसनी चालवलेला बाळंतपणाचा विभाग सुरू करायचा. तुमच्या घरात कुणाला अशी कोणी भेटली आहे का? आम्हाला तरी नाही.

आणि दुसऱ्या बाजूला काय चाललंय? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण ५ (२०१९-२१) बघा. देशभरात सरकारी दवाखान्यांत १४.३ टक्के सिझर, खाजगीत ४७.४. बाईची हाडं काही दवाखाना कुणाच्या मालकीचा आहे ते बघून अरुंद होत नाहीत.

डॉ_खडीसाखर

स्त्रीरोगतज्ज्ञ आहे, बावीस वर्षं झाली, त्यामुळे मी पक्षपाती आहे हे धरूनच वाचा.

तुमच्या डॉक्टर दोनदा "दिसल्या". सिस्टरने रात्री त्यांना किती फोन केले ते विचारलंत? माझ्याकडे अशा रात्री चार-पाच फोन होतात. गर्भपिशवीचं तोंड किती उघडलं, ठोके किती, पाणमोट फुटली का, पाणी स्वच्छ आहे की हिरवट. उशाशी फोन आणि चपला दाराकडे तोंड करून, अशी माझी झोप असते. पैसे त्याचे आहेत.

दुसरं. बाळंतपण नॉर्मल होतं हे फक्त झाल्यावरच सांगता येतं. दिवस भरलेल्या गर्भाशयातून मिनिटाला अर्धा लिटर किंवा त्याहून जास्त रक्त फिरत असतं. वार पडली आणि पिशवी आवळली नाही, तर बाई काही मिनिटांत पांढरी पडते. सगळं छान झालेलं असतं, बाहेर पेढे वाटून झालेले असतात. कधीही धोका नसलेल्या बाईलाही हे होतं, म्हणून तर 'कमी जोखीम' या शब्दावर माझा विश्वास नाही.

हाडांबद्दल: खाजगीत येणारी बाई वयाने मोठी असते, आयव्हीएफची असते, आधीचं सिझर असतं. मुहूर्त काढून आणणारे नातेवाईकही असतात. आमच्या धंद्यात लोभी लोक नाहीत असं मी म्हणणार नाही, पण सगळा फरक लोभाचा नाही. आणि नर्सकडे दिलं की सिझर कमी होतील हेही गृहीत धरू नका. कॉक्रेन ही जगभरातल्या चाचण्या एकत्र तपासणारी संस्था, तिच्या याच विषयावरच्या २०१६ च्या आढाव्यात पंधरा चाचण्या होत्या, साडेसतरा हजारांवर बायका. चिमटे लावून बाळ काढणं आणि एपिड्युरल (कळा बधिर करायला पाठीत देतात ते इंजेक्शन) कमी झालं. सिझरमध्ये फरक पडला नाही. आणि त्या चाचण्या सगळ्या श्रीमंत देशांतल्या.

सह्यवेडी

डॉक्टर, २०२४ ला तो आढावा पुन्हा आला आहे आणि त्यात सिझर किंचित का होईना कमी आहेत. आणि रक्तस्रावाचं म्हणाल तर २०२३ ची ई-मोटिव्ह चाचणी तुम्हाला माहीत असणारच. केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका, टांझानिया, ऐंशी रुग्णालयं. बाईखाली मोजखुणा असलेली प्लास्टिकची पिशवी, म्हणजे रक्त अंदाजाने नाही तर मोजून कळतं, आणि ठरलेले उपाय एकामागोमाग न करता एकदम. गंभीर रक्तस्राव आणि त्याचे परिणाम साठ टक्क्यांनी घटले. तिथे हे करणाऱ्या मुख्यतः मिडवाइफच होत्या. म्हणजे तुमचा तो मिनिटांचा हिशेब माझ्याच बाजूने जातो. त्या मिनिटांत खोलीत असतं कोण?

आत्याबाई

सगळ्यांना सिस्टर देवी भेटलेली दिसते. माझं ऐका.

२००९, माझी पहिली खेप, मोठं सरकारी रुग्णालय. एका खाटेवर दोघी. मी ओरडले तर सिस्टर म्हणाली, "तेव्हा नाही ओरडलीस ती?" सगळ्या वॉर्डासमोर. पुढे मांडीवर चापट बसली, पाय जवळ घेतले म्हणून. मग एक आया पोटावर कोपराने दाबायला लागली. आई बाहेर होती, आत कुणाला सोडत नव्हते. डॉक्टर राउंडला आले तेवढ्या पाच मिनिटांत सगळ्या गोड बोलत होत्या.

दुसऱ्या वेळी दागिने मोडून खाजगीत गेले. सिझर झालं. गरज होती की नव्हती देव जाणे, पण कोणी मारलं नाही. तेव्हा अधिकार द्या म्हणताना कोणाच्या हाती देताय ते बघा. डॉक्टरचा धाक आहे तोवर ही गत.

मुकुंद_७१

आत्याबाईंशी सहमत. शिवाय स्पष्टच विचारतो, परवडत असताना कोणी डॉक्टर सोडून नर्सकडे जाईल का? हे सगळं शेवटी गरिबांच्या गळ्यात मारलं जाणार.

लीड्सकर

मुकुंदराव, इकडे इंग्लंडमध्ये श्रीमंत-गरीब सगळ्या मिडवाइफकडेच जातात. इथे १९०२ पासून मिडवाइफचा कायदा आहे. माझ्या पहिल्या खेपेला दहा भेटी ठरलेल्या होत्या (दुसरीला सात), सगळ्या मिडवाइफबरोबर. पोट टेपने मोजायची, लघवी तपासायची, बीपी घ्यायची आणि मग पेन खाली ठेवून विचारायची, "घरी सगळं ठीक आहे ना?" नवऱ्याला बाहेर पाठवूनही एकदा विचारलं. सासूबाई सोलापूरहून आल्या होत्या, त्यांना डॉक्टरचं तोंड न बघता सून बाळंत होते याचाच धसका. बाळंतपणानंतर मिडवाइफ घरी आली, सोफ्यावर बसून दूध कसं पाजायचं ते दाखवलं, तेव्हा कुठे त्यांचा जीव भांड्यात पडला. डिंकाचा लाडू खायला लावलाच तिला.

पण सह्यवेडी, दुसरी बाजूही सांगते. श्रूझबरी आणि टेलफर्डच्या सरकारी रुग्णालयांचा चौकशी अहवाल २०२२ ला आला. काळजी नीट घेतली असती तर दोनशेच्या वर बाळं आणि नऊ माता वाचू शकल्या असत्या असं त्यात आहे. कारणं बरीच: माणसं कमी, चुकांतून न शिकणं. पण त्यातलं एक म्हणजे नॉर्मलच झालं पाहिजे हा हट्ट. सिझर कमी म्हणून त्या रुग्णालयाची पाठही थोपटली जात होती. तेव्हा सिझरचा टक्का हा नर्सला मोजायचा मापदंड करू नका. मिडवाइफने डॉक्टरला बोलवायला उशीर केला, की बोलावूनही डॉक्टर आला नाही, दोन्हीत मरते बाईच.

सह्यवेडी

लीड्सकर, हे मान्य. टक्क्याचा मुद्दा मी जरा जोरात वाजवला.

मुकुंदराव, इतकं लांबही जायला नको. हैदराबादच्या फर्नांडिस हॉस्पिटलने २०११ पासून स्वतःच्या मिडवाइफ तयार केल्या. खाजगी हॉस्पिटल आहे, पैसे मोजून येणाऱ्या बायका आहेत. पुढे तेलंगण सरकारने त्यांच्याच मदतीने सरकारी नर्सेसना शिकवायला घेतलं.

रात्रपाळी

स्टाफ नर्स, ग्रामीण रुग्णालय, सतरा वर्षं. त्यातली अकरा लेबर रूममध्ये.

आधी आत्याबाई. ते वाक्य मी ऐकलंय, माझ्या सिनियरच्या तोंडून. मी तेव्हा नवीन होते, गप्प बसले. तीन बाया एका वेळी, मी एकटी, वर रजिस्टर, हे सगळं खरं आहे, पण त्यामुळे चापट मारायचा हक्क मिळत नाही. आता सोबतीला घरची एक बाई आत सोडायचा नियम आहे. आमच्याकडे आई नाहीतर जाऊ आत असते, आणि खरं सांगते, तेव्हापासून आमचीही भाषा सुधारली. डॉक्टरच्या धाकाने नाही.

डॉक्टरसाहेब, अधिकार द्यावा का न द्यावा ही चर्चा तुमच्या शहरातली. इकडे द्यायचं काय राहिलंय? एकोणीस वर्षांची पोर, आठवा महिना, रात्री तीनला आली. बीपी १७० वर ११०. डोकं ठणकतंय, डोळ्यापुढे अंधारी म्हणते. पायावर बोट दाबलं तर खळगा तसाच. मेडिकल ऑफिसर दुसऱ्या केसबरोबर जिल्ह्याला गेलेले. मॅगसल्फ, म्हणजे झटके येऊ नयेत म्हणून द्यायचं मॅग्नेशियम सल्फेट, त्याचा पहिला डोस दहा ग्रॅम, पाच एका कुल्ल्यात, पाच दुसऱ्यात, खोल. औषध इतकं जड की प्लंजर ढकलताना अंगठा दुखतो, आणि पोर आईगं म्हणून माझा पदर ओढते. मग १०८. गाडीत डाव्या कुशीवर, मी शेजारी, गुडघ्यावर हातोडी मारून बघतेय प्रतिसाद येतोय का, कारण औषध जास्त झालं तर तो आधी जातो. आई आणि बाळ दोन्ही वाचले. हा डोस द्यायची मुभा सरकारने उपकेंद्राच्या एएनएमलाही (गावातली आरोग्यसेविका) दिली आहे, ती काही मी ओढून घेतलेली नाही. पण पुढे फाइलवर नाव साहेबांचं.

तरी सह्यवेडी, तुमच्या योजनेला मी लगेच हो म्हणणार नाही. का ते सांगते. दीड वर्ष शिकून आले तर मला त्याच खोलीत ठेवणार आहात का? आमच्यात हात बसला की बदली. लेबर रूमची बाई पुरुष वॉर्डात, तिथून लसीकरणाला. आमच्याबरोबरची एक चांगली ट्रेनिंग घेऊन आली, सध्या औषधाच्या स्टोअरमध्ये गोळ्या मोजतेय. पार्टोग्राफ म्हणतात तो कळांचा आलेख आम्ही किती वेळा बाळंतपण झाल्यावर बसून भरतो ते विचारू नका. भरतो. वेळ नसतो. सही माझी, जबाबदारी माझी, आणि पगार, माणसं, पद सगळं जुनंच असेल तर ते मिडवाइफपद तुम्हालाच लखलाभ.

तपासणीचंही तेच. दर महिन्याच्या नऊ तारखेला गरोदर बायांना डॉक्टरने तपासायचं अभियान २०१६ पासून आहे. त्या दिवशी साठ-सत्तर बाया येतात. डॉक्टरसाहेबांना एकीला तीन मिनिटंही मिळत नाहीत. हिमोग्लोबिन सातच्या खाली असलेली बाई लोहाच्या गोळ्या घरी का घेत नाही, हे तिसऱ्या मिनिटाला कळत नाही. ती सांगते कधी, तर मी वजन करताना चप्पल काढायला लावते तेव्हा. "गोळीने शी काळी होते, सासू म्हणते बाळ काळं होईल." एवढंच कारण असतं.

आता डॉक्टरसाहेबांना एक प्रश्न. तुमच्या हॉस्पिटलात किती सिस्टर आहेत, आणि नर्सिंग कौन्सिलची नोंदणी किती जणींची?

मुकुंद_७१

हा प्रश्न मस्त आहे. उत्तर येऊ द्या.

डॉ_खडीसाखर

उत्तर द्यायचं नाही असं दोन दिवस ठरवलं होतं.

सहा आहेत. नोंदणी दोघींची. बाकीच्या चौघी गावातल्याच मुली, माझ्या हाताखाली तयार झालेल्या. हात चांगला आहे, मी घरच्यांची बाळंतपणं त्यांच्या भरवशावर केली आहेत. जीएनएम झालेली मुलगी तालुक्याला थांबत नाही. पुणे, मुंबई, नाहीतर आखात. थांबली तर तो पगार वीस खाटांच्या हॉस्पिटलला झेपत नाही. हे चुकीचं आहे हे मला कळतं. रात्रपाळी, तुमच्यासारखी माझ्याकडे असती तर मी चपला दाराकडे तोंड करून ठेवल्या नसत्या. पण मग नर्सच्या सहीला मी विरोध का करतो तेही समजून घ्या. माझ्याकडे सही करायला नर्सच नाही.

आत्याबाई

म्हणजे खाजगीत मला मारलं नाही ती नर्सच नव्हती, आणि सरकारीत मारलं ती नर्स होती. कमाल आहे.

रात्रपाळी

डॉक्टरसाहेब, खरं बोललात. एवढं तरी कोण बोलतं.

सह्यवेडी

रविवारी सव्वा महिन्याचं बारसं झालं. त्या सिस्टरला मुद्दाम बोलावलं होतं. पाळण्याच्या दोरीशी उभी होती तेव्हा सहज विचारलं, ताई तुमचं शिक्षण कुठे झालं? म्हणाली, "बारावी झाले आणि इथेच लागले. बाईंनी शिकवलं सगळं." चौदा वर्षं. परीक्षा नाही, नोंदणी नाही. मी या धाग्यात जिच्यावरून "प्रशिक्षित नर्सने करावं" लिहिलं तीच प्रशिक्षित नाही. आणि तरी त्या रात्री ठोके अर्ध्या तासाने मोजले ते तिनेच. धाग्याचं शीर्षक बदलू का तेच राहू दे, ठरत नाहीये.

रात्रपाळी

शीर्षक राहू दे. तिला बारावीला इंग्रजी होतं का आणि चाळीस टक्के होते का ते विचार, म्हणजे जीएनएमचा विचार तरी करता येईल. तीन वर्षांचा कोर्स आहे. पण तेवढे दिवस तिच्या घरी पगार कोण देणार, हे तिच्या बाईंनाही विचारून बघ.