पुनर्ध्रुवीकरण: पेशंटसाठी काय लिहावं?

रानजाई: सोटॅलॉल या हृदयाची लय बिघडल्यावर देतात त्या औषधाच्या गोळ्यांचं माहितीपत्रक मराठीत करतेय. हे औषध हृदयाचं रीपोलरायझेशन लांबवतं, असं वाक्य आहे. पारिभाषिक शब्द पुनर्ध्रुवीकरण, पण ध्रुवीकरण म्हटलं की लोकांना निवडणूकच आठवते. काय लिहू?

कोरा_कागद: 'विश्रांती' लिहा की. ठोक्यानंतर हृदय विश्रांती घेतं, औषध ती वाढवतं.

ईसीजीवाला: विश्रांती नको हो. स्नायू सैल पडणं वेगळं आणि पेशीचा विद्युतभार पूर्वपदावर येणं वेगळं. ठोक्याच्या वेळी सोडियम आत शिरतं, मग पोटॅशियम बाहेर जातं तेव्हा पेशी पुढच्या ठोक्याला तयार होते. सोटॅलॉल ती पोटॅशियमची वाट अडवतं, म्हणून ईसीजीत क्यूटी, म्हणजे ठोक्याची विद्युत-क्रिया सुरू झाल्यापासून पेशी पूर्वपदावर येईपर्यंतचा वेळ, लांबतो, आणि भरकटलेला विजेचा झोत गोल फिरून परत आला तरी पेशी अजून तयार नसते, तो तिथेच विझतो, हा फायदा. पण करेक्टेड क्यूटी (ठोक्यांच्या वेगाचा हिशोब धरून काढलेला) ५०० मिलिसेकंदांच्या वर गेला तर तोर्साद द प्वांत ही जीवघेणी लय सुरू व्हायची भीती. 'विश्रांती वाढते' वाचून पेशंटला बरंच वाटेल ना!

सह्यकडा: मग 'सावरणं'. ठेच लागली की आमची आजी म्हणायची, सावर आधी, मग चाल. 'प्रत्येक ठोक्यानंतर हृदयाला सावरायला जास्त वेळ लागतो.'

शुद्धमती: सावरतात संकटातून. प्रत्येक ठोका संकट आहे का? पुनर्ध्रुवीकरणच ठेवा, वापरलेच नाहीत तर शब्द रुळणार कसे? ध्रुव म्हणजे अढळ, पेशी परत स्थिर होते, चपखल आहे.

ईसीजीवाला: इथला ध्रुव चुंबकाच्या टोकाचा. पेशीच्या आत ऋण, बाहेर धन.

शुद्धमती: टोकाला ध्रुव म्हणू लागले तेही त्या अढळ ताऱ्यावरूनच!

कोरा_कागद: 'रिचार्ज' गावोगाव कळतं.

शुद्धमती: मोबाइलचं माहितीपत्रक नाहीये हे.

सह्यकडा: तोर्सादला मराठीत काय म्हणतात?

ईसीजीवाला: आम्ही तोर्सादच म्हणतो. देसर्तेन या फ्रेंच डॉक्टरांनी १९६६ मध्ये नाव दिलं, अर्थ टोकांचा पीळ. आलेख खरंच पिळल्यासारखा दिसतो.

सह्यकडा: पीळ दोरीला, मुरड करंजीला. टोकं वळतात तर मुरडच म्हणायला हवं.

रानजाई: माझं वाक्य राहिलंच. 'सावरणं' घेऊन पुढे ठळक लिहू का, की चक्कर आली किंवा शुद्ध हरपली तर लगेच दवाखाना गाठा?

ईसीजीवाला: ते लिहाच. जुलाब-उलट्यांचंही घाला, पोटॅशियम घटलं की धोका वाढतो. आणि दुसऱ्या कुणी एरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक लिहून दिलं तर ही गोळी चालू असल्याचं आधी सांगायचं, त्यानेही क्यूटी लांबतो. 'सावरणं' मात्र मला अजून पटत नाहीये.

शुद्धमती: करंजीला मुरड घालतात ती कडेला, टोकाला नाही.