नाताळच्या आधीचे दिवस आणि घरातली चिल्लीपिल्ली : गोठा, तारा, कुलकुल... तुमच्याकडे कसं करता?

शेवंतीची वेणी
काल आमच्या जिन्यात कुणीतरी पेंढ्याची गुंडी आणून ठेवली होती. त्या वासाने जुने डिसेंबर आठवले, म्हणून हा धागा. आठवणींचे कढ दुसरीकडे काढू. इथे ज्याला जे जमतं ते मापांसकट लिहा. तीन ते आठ वर्षांची मुलं हाताशी घेऊन काय होतं, काय होत नाही, कुठे बिघडतं ते हवंय.

सुरुवात गोठ्यातल्या, म्हणजे येशूजन्माच्या देखाव्यातल्या, हिरवळीने करते. मूठभर गहू रात्रभर भिजवायचे, सकाळी उपसून ओल्या फडक्यात एक दिवस बांधून ठेवायचे. मोड दिसले की उथळ ताटलीत बोटभर माती घेऊन दाणे एकमेकांना टेकतील इतके दाट पसरायचे, वर मातीची नुसती धूळ भुरभुरायची. पहिले दोन दिवस झाकण, मग उजेडात. आठ-नऊ दिवसांत चार बोटं उंच होतात, म्हणजे १४-१५ तारखेला भिजवले की २४ ला बरोब्बर. महिन्याच्या सुरुवातीलाच पेरले तर नाताळपर्यंत आडवे पडतात.

बिघडतं ते पाण्याने. मुलांच्या हातात तांब्या दिला की तळ्यात गहू. वास येतो, पांढरी बुरशी धरते. फवाऱ्याची बाटली द्या, सकाळी दहा फुस्स, संध्याकाळी दहा फुस्स. मोजायला मिळालं की मुलं हद्द पाळतात.

पाणकावळा
गहू फार दांडगे होतात. मूर्ती चार इंची असतील तर मेंढरं गवतात गायब. नाचणी पेरा. आठ तास भिजवून, बारा दिवस आधी. बारीक, मऊ हिरवळ येते.

मीठभाकर
हे तर घट बसवल्यासारखंच झालं की 😀

शेवंतीची वेणी
तेच तंत्र, मीठभाकर. फ्रान्सच्या दक्षिणेला प्रोव्हान्समध्ये ४ डिसेंबरला बशीत गहू पेरतात, तेही नाताळसाठीच.

कोपऱ्यातला बाक
ज्यांना २० तारखेला जाग येते त्यांच्यासाठी : अळीव. दिवाळीच्या किल्ल्यावर टाकतो तेच. पण भिजवायचे नाहीत, भिजले की बुळबुळीत गोळा होतो आणि पसरता येत नाही. ओल्या मातीवर किंवा ओल्या कापसावर कोरडेच भुरभुरायचे. चार दिवसांत हिरवं. मुलांच्या चिमटीलाही हे काम सोपं.

मीठभाकर
किल्ल्यावरचे मावळे मेंढपाळ म्हणून चालतील का? पिशवीभर पडलेत.

कोपऱ्यातला बाक
तलवार काढून काठी द्या, चालतील. तोफ मात्र नको.

बांबूची फांदी
आत दिवा लावून टांगायच्या कागदी ताऱ्याबद्दल लिहितो. लांबण लागेल, कारण लोक इथे अंदाजपंचे बांधतात आणि मग तारा लुळा पडतो.

पाच टोकांचा तारा, दोन थरांचा. ४५ सेंटीमीटरच्या दहा कामट्या, जेमतेम अर्धा सेंटीमीटर रुंद आणि वाकतील इतक्या पातळ. आधी पॉलिश पेपरने घासा, कूस बोटात गेली की त्या दिवसाचं काम संपलं. प्रत्येक कामटीला दोन्ही टोकांपासून १७ सेंमीवर पेन्सिलने खूण करा. पाच कामट्यांचा तारा मांडला की फुल्या बरोबर या खुणांवर येतात. वेगळ्या मापाची कामटी असेल तर लांबीला ०.३८ ने गुणा. आठ वर्षांचं मूल पट्टी घेऊन हे नीट करतं.

मांडताना प्रत्येक कामटी एका फुलीत वरून, पुढच्या फुलीत खालून. टोपलीची वीण असते तसं. हे चुकलं की कितीही दोरा गुंडाळा, तारा हलतोच. आधी पाच टोकं बांधा, मग आतल्या पाच फुल्या. असे दोन तारे करून एकावर एक ठेवा आणि फक्त टोकं एकत्र बांधा.

आता मधल्या पाच जागी ९ सेंमीच्या काड्या उभ्या घालायच्या, म्हणजे तारा फुगतो. काडीच्या दोन्ही टोकांना खाच पाडा, नाहीतर ती सटकते. एक काडी पूर्ण सरळ उभी करून मग दुसरीकडे वळू नका, समोरच्या टोकाची गाठ सुटते. पाचही तिरप्या अडकवा आणि फिरत फिरत थोड्या थोड्या उभ्या करा.

कागद पतंगाचा. प्रत्येक पाकळीला चार त्रिकोण, म्हणजे २० त्रिकोण आणि मध्ये पुढे-मागे एकेक पंचकोन. कापताना चहूबाजूंनी दीड सेंमी जास्त ठेवा, कामटीवरून दुमडायला. खालच्या बाजूचा एक त्रिकोण रिकामा सोडा, दिवा तिथून आत जातो. कागद ढिला बसला तर पूर्ण वाळल्यावर लांबून पाण्याचा बारीक फवारा मारा, सुकताना ताणला जातो. जिलेटीनच्या कागदाला ही युक्ती लागू नाही.

खळ : दोन चमचे मैदा, एक कप पाणी, गुठळ्या मोडून पारदर्शक होईपर्यंत शिजवा. जुनी माणसं त्यात मोरचूद घालायची, कीड लागू नये म्हणून. ते विष आहे. मुलं बोटं चाटतात. अजिबात घालू नका, रोज ताजी करा.

गोडलिंब
चिकटवायचं काम चार वर्षांच्या मुलांना दिलं तर चालतं का?

बांबूची फांदी
खळ लावायला द्या, कागद ठेवायला नको. कामटीवर खळ लावतात झकास, निम्मी कोपराला.

जास्वंद
दिव्याबद्दल कुणी बोललं नाही. आत जुना पिवळा झिरो बल्ब लावू नका. नाव झिरो, पण खातो पंधरा वॉटच्या आसपास आणि तापतो. ९ सेंमीच्या फुगीर ताऱ्यात कागद त्याला चिकटलेलाच असतो. एलईडीचा अर्ध्या वॉटचा नाइट बल्ब किंवा एलईडीची लहान माळ पुरते. वायरला जोड असेल तर तो ताऱ्याच्या बाहेर, टेप मारून, आणि मुलाचा हात पोचणार नाही तिथे. गॅलरीत टांगताना वरच्या टोकाला दोरी असतेच, खालच्या दोन टोकांनाही दोरी बांधा. रात्री वारा सुटला की तारा गरगर फिरतो आणि वायर पिळली जाते.

पाणकावळा
+१. दोन टोकांची दोरी फार महत्त्वाची.

फणसाची साल
कुलकुल, म्हणजे नाताळचा तळलेला गोड पदार्थ. आधी साहित्य, मग भांडण.

मैदा अर्धा किलो, बारीक रवा दोन मोठे चमचे, पिठीसाखर १०० ग्रॅम, मीठ अर्धा छोटा चमचा, कडकडीत तुपाचं मोहन तीन मोठे चमचे, एक अंडं, नारळाचं दाट दूध पाऊण ते एक वाटी, लागेल तसं. मोहन पिठाला चोळून मुठीत दाबलं की मूद टिकली पाहिजे. पुरीपेक्षा घट्ट भिजवा, ओलं फडकं घालून पाऊण तास ठेवा.

सुपारीहून लहान गोळी. काट्याच्या मागच्या बाजूला तुपाचं बोट लावून गोळी अंगठ्याने पसरायची आणि लगेच गुंडाळायची, शेवटची कड दाबून बंद. नवा कंगवा घेतलात तर रेघा सुंदर येतात, पण तो स्वयंपाकाचाच ठेवा, वर लेबल लावा.

मुलांच्या कुलकुलांचं दुखणं एकच : जाड. वरून तांबूस, आत कच्चं पीठ. गोळी आधीच छोटी करून द्या, मोठी गोळी पातळ पसरवायला त्यांच्या अंगठ्यात जोर नसतो. आणि मुलांची वेगळ्या ताटात ठेवून वेगळी तळा, मंद आचेवर, दुप्पट वेळ. सरमिसळ केली की अर्धी करपतात, अर्धी कच्ची.

तेलात उलगडतात कारण कड दाबलेली नसते किंवा पीठ वाळलेलं असतं. वाळलं तर ओल्या हाताने मळा, पाणी ओतू नका. रंग बदामी व्हायच्या जरा आधीच काढा, बाहेर आल्यावरही रंग चढतो. पिठात साखर वाढवायचा मोह आवरा, पटकन काळी पडतात. गोड हवीत तर वरून पाक : एक वाटी साखर, पाव वाटी पाणी, दोनतारी, गॅस बंद, कुलकुल टाकून पांढरी खरबरीत होईपर्यंत हलवत राहा. हे काम मुलं झोपल्यावर. पाकाचा चटका तेलाइतकाच वाईट, आणि चिकटून बसतो.

गोडलिंब
अंड्याशिवाय?

फणसाची साल
अंडं गाळा, मोहन चार चमचे करा. थोडी जास्त खुसखुशीत होतात, डब्यात तळाची मोडतात एवढंच.

मीठभाकर
आमच्या शंकरपाळ्यांची चुलत बहीण दिसतेय.

फणसाची साल
शंकरपाळ्यांना गुंडाळायला लागत नाही. चुलत नको, गरीब मावशी म्हणा 😛

चिमणीचा खोपा
मेणबत्त्यांच्या कड्याबद्दल. आगमनकाळाचे, म्हणजे नाताळच्या आधीचे, चार रविवार, चार मेणबत्त्या, तीन जांभळ्या, एक गुलाबी. गुलाबी तिसऱ्या रविवारी. मुलांना ती आधी लावायची असते, म्हणून कड्यात ती मागच्या बाजूला बसवा.

सुरूच्या फांद्या कोवळ्या दिसतात पण आठवड्यात सुकतात आणि भुर्रकन पेटतात. दर रविवारी बदला. मेणबत्त्या ओल्या वाळूच्या ताटलीत उभ्या करा, हिरवाई त्यांच्यापासून चार बोटं लांब. पहिली मेणबत्ती चार रविवार जळणार, म्हणून जेवणापुरती पंधरा-वीस मिनिटंच लावा, नाहीतर चौथ्या रविवारी पहिलीचा थुटका उरतो. फुंकर मारू देऊ नका, मेण उडतं. लांब दांड्याचा डाव उपडा धरून विझवायला शिकवा, मोठ्यांपैकी कुणीतरी हात धरून. आमच्याकडची भांडणं "कोण विझवणार" यावर असतात, लावण्यावर नाही.

तारखेचा घोळ : पहिला रविवार २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर यांच्यात कधीही येतो. २०२३ मध्ये चौथा रविवार २४ डिसेंबरलाच होता. बाजारातली दिवस मोजायची चोवीस खणी कॅलेंडरं मात्र दरवर्षी १ तारखेपासून. मुलं विचारतात.

जास्वंद
चोवीस खणांचं घरी करायचं तर काडेपेट्या. सहा ओळी, प्रत्येकीत चार. डिंक फक्त बाहेरच्या वेष्टनाला लावा, ड्रॉवरला लागला की १ तारखेलाच फाडाफाडी. बाजूच्या काडी घासायच्या पट्टीवर कागद चिकटवा. ड्रॉवरला जाड दोऱ्याची गाठ, ओढायला. आकडे उलटसुलट लिहा, शोधण्यातच निम्मी मजा. आत चिठ्ठी : "आज गोठ्यासाठी पाच गोल दगड", "आज आजीला फोन". दोन मुलं असतील तर सम-विषम आधीच ठरवा.

तीन वर्षांखालचं मूल घरात असेल तर काडेपेट्या नकोच. टॉयलेट रोलच्या नळीतून जे आरपार जातं ते घशात अडकू शकतं, आणि काडेपेटीत मावणारं सगळं त्यातून जातं. दोरीवर कागदी पाकिटं लावा, उंच.

पाणकावळा
गव्हाणीत काड्या घालायची पद्धत कुणी लिहिली नाही? रिकामी गव्हाणी, शेजारी पेंढ्याच्या बोटभर काड्यांचा डबा. चांगलं काम केलं की एक काडी. २४ च्या रात्री बाळ येशूची मूर्ती त्यावर ठेवायची. काड्या मोठ्यांनी कापून ठेवा, पेंढ्याचं पातं धारदार असतं. आणि केलेलं काम मुलाने स्वतः सांगायचं नाही, दुसऱ्याने पाहिलेलं सांगायचं, नाहीतर दिवसाला चाळीस काड्या पडतात.

गोडलिंब
वाईट काम केलं की काडी काढायची?

पाणकावळा
नाही हो! बाळाचं अंथरूण काढून घ्यायचं?

कोपऱ्यातला बाक
१२२३ साली इटलीत ग्रेच्चोला असिसीच्या फ्रान्सिसने गोठा मांडला तेव्हा खरा बैल आणि खरं गाढव आणलं होतं. सोसायटीत परवानगी काढून बघा.

मीठभाकर
आमच्याकडे पार्किंग नाही.

चिमणीचा खोपा
विषय निघालाच आहे तर बाळ येशूला भेटायला आलेले तीन राजे पहिल्या दिवशी गोठ्यात ठेवू नका. खोलीच्या दुसऱ्या टोकाला, टीव्हीच्या मागे कुठेतरी. रोज एक वीत पुढे. ६ जानेवारीला पोचले पाहिजेत, त्यामुळे अंतर आधी मोजून घ्या. बाळ कपाटात, मुलांना माहीत नसलेल्या जागी, पण मोठ्यांपैकी दोघांना माहीत असलेल्या.

फणसाची साल
रबरी साच्यांचं कुणाला माहीत आहे का? मिल्क क्रीम या दुधाच्या मिठाईचे. वर्षभर डब्यात ठेवले की चिकट होतात.

जास्वंद
गरम साबणपाण्याने धुवून पूर्ण वाळवा आणि कॉर्नफ्लोअर लावून कागदात गुंडाळा. चिकटपणा आतून आला असेल तर रबर गेलं, टाका. मिश्रण भरताना साच्याला लोण्याचा पुसट हात. जास्त लोणी लागलं की नक्षी उठत नाही. मिश्रण कोमट असतानाच दाबायचं, गार झालं की भेगा, गरम असलं की साच्यातच राहतं. गोळा हाताला सोसला की मुलांकडे द्या, हे त्यांचं हक्काचं काम.

शेवंतीची वेणी
मुंग्या! गोठ्याशेजारी मिठाईचं ताट ठेवू नका, पेंढ्यात शिरल्या की निघत नाहीत.

बांबूची फांदी
३१ ला जाळायच्या म्हाताऱ्याचा, म्हणजे सरत्या वर्षाच्या पुतळ्याचा, विषय आत्ताच नको ना? जुन्या पँटी गोळा करायला मुलं आतापासूनच दारात उभी.

कोपऱ्यातला बाक
वेगळा धागा काढा. फक्त एवढंच : आत फटाके भरायचे नाहीत आणि सिंथेटिक कपडे नकोत, वितळून ठिबकतात.

गोडलिंब
कढई गॅसवर आहे, पटकन सांगा. कुलकुल टाकले की तेलाला भसाभस फेस येतोय 😳

फणसाची साल
आधी गॅस बंद. मुलांना बाहेर काढ. गोळ्या चिकटू नयेत म्हणून कोरडा मैदा भुरभुरला आहेस का? तोच तेलात सुटतो. तेल जरा निवू दे, गाळून घे, उरलेले कुलकुल चाळणीत हलवून मैदा झाड. कढई अर्ध्याच्या वर भरू नकोस, आणि एका वेळी एक मूठच टाक.

गोडलिंब
मैदाच होता, लेकीने ताटभर पसरलाय. चाळणी घेते.