कॉन्व्हेंट म्हणजे मठ की शाळा?

प्रश्न: सतराव्या शतकातल्या फ्रान्सवरचा एक इंग्रजी लेख मराठीत आणते आहे. त्यात एका बापाची गोष्ट आहे. दोन मुलींच्या हुंड्याची ऐपत नव्हती म्हणून त्याने धाकटीला कॉन्व्हेंटमध्ये पाठवलं. शब्द तसाच ठेवला तर आपला वाचक म्हणेल, बरं झालं, पोरीचं इंग्रजी तरी सुधारलं! मग काय लिहू? आणि मॉनेस्ट्री, अ‍ॅबी, नन्नरी यांत नेमका फरक काय?

उत्तर: तसाच ठेवू नका, तुमची शंका रास्त आहे. मराठीत हा शब्द शाळेने केव्हाच गिळला. 1842 साली जीझस अँड मेरी संघाच्या नन्स आग्र्याला आल्या आणि त्याच वर्षी कलकत्त्यात लोरेटोच्या नन्सनी शाळा काढली. नन्स राहायच्या त्याच आवारात वर्ग भरायचे आणि बाहेरच्यांचा संबंध यायचा तो वर्गांशीच. त्यामुळे घराचं नाव शाळेला चिकटलं. पुढे लग्नाच्या जाहिरातींत ‘कॉन्व्हेंट एज्युकेटेड’ वधू झळकू लागल्या. विदर्भात तर बालवाडीलाच कॉन्व्हेंट म्हणतात. पाटीवर एखाद्या देवीचं नाव, त्यापुढे कॉन्व्हेंट, आणि आत नन औषधालाही नाही.

मुळात या शब्दात शाळा नाही, आणि बाईही नाही. लॅटिनमधल्या ‘कॉन्व्हेन्तुस’चा अर्थ एकत्र जमणं, मेळा. लंडनचं कॉव्हेंट गार्डन हे याच शब्दाचं जुनं रूप, आणि ती बाग होती वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीच्या साधूंची, म्हणजे पुरुषांची. बायकांचाच मठ हा अर्थ इंग्रजीत मागाहून घट्ट झाला. पोर्तुगीजांनी तो भेद केला नाही आणि तिथे मराठी अनुवादक हमखास घसरतात. जुन्या गोव्यातलं सेंट फ्रान्सिस ऑफ असिसीचं कॉन्व्हेंट फ्रान्सिस्कन पुरुषांचं होतं. आज तिथे पुरातत्त्व खात्याचं संग्रहालय आहे. जवळच्याच टेकडीवरचं सांता मोनिका मात्र खरोखर नन्ससाठी बांधलेलं. 1606 मध्ये काम सुरू झालं, 1627 मध्ये पुरं झालं. तेव्हा गोव्याच्या इतिहासात कॉन्व्हेंट दिसलं की लगेच नन्स घुसवू नयेत, आधी संघ कोणता ते पाहावं.

मॉनेस्ट्री आली ग्रीकमधून, ‘मोनोस’ म्हणजे एकटा. सर्वसाधारण इंग्रजीत मॉनेस्ट्री पुरुषांची, कॉन्व्हेंट बायकांचं. चर्चच्या काटेकोर भाषेत वाटणी वेगळी आहे. बाहेरच्या जगाशी संबंध तोडून प्रार्थनेत राहणाऱ्या, उदाहरणार्थ कार्मेलाइट पंथातल्या, त्या नन, आणि त्यांचं घर बायकांचं असूनही मॉनेस्ट्री. शाळा-दवाखाने चालवणाऱ्या त्या सिस्टर, त्यांचं घर कॉन्व्हेंट. बोलताना हा फरक कोणी पाळत नाही. अ‍ॅबी म्हणजे मोठा मठ, तिची प्रमुख अ‍ॅबेस; प्रायरी सहसा त्याहून लहान, तिची प्रमुख प्रायोरेस, एवढं पुरे. नन्नरी जपून. शेक्सपिअरच्या काळात कुंटणखान्यालाही चेष्टेने तोच शब्द लावत, आणि आजही त्यात किंचित टवाळीचा वास येतो.

आता मराठी. ‘जोगीण’ जुन्या लिखाणात सापडते, पण ती वाचताच यल्लम्माची जोगतीण डोळ्यांपुढे येते. साध्वी म्हटलं की जैन, भिक्षुणी म्हटलं की बौद्ध. वसईकडच्या ख्रिस्ती मराठीत धर्मभगिनी हा सुंदर शब्द रुळलेला आहे, आजच्या सिस्टरांसाठी मी तोच वापरते. पण सतराव्या शतकातल्या फ्रान्समधल्या, चार भिंतींआड कोंडलेल्या मुलीला तो फार मोकळाढाकळा वाटतो. तुमच्या वाक्यात मी लिहीन, ‘धाकटीला संन्यासिनींच्या मठात धाडलं’. पुढे नुसतं ‘मठ’ चालेल. जमलं तर एक गोष्ट मजकुरातच सांगून टाका: त्या मठालाही हुंडा द्यावा लागे, फक्त लग्नाच्या हुंड्यापेक्षा बराच कमी. नाहीतर बापाचा हिशेब वाचकाला कळायचा नाही.

पुरवणी प्रश्न: मठ तर बुवांचा वाटतो. बायकांच्या अशा घराला आपला स्वतंत्र शब्द नाहीच का? सदन कसं वाटेल?

उत्तर: मठ बुवांचाच कशाला? दक्षिणेश्वरला 1954 पासून संन्यासिनींचा शारदा मठ आहे, त्याला कोणी वेगळं नाव शोधलं नाही. पाली भाषेत भिक्षुणींच्या निवासाला उपस्सय म्हणतात. आपल्या साकोरीला उपासनी महाराजांचं कन्याकुमारी स्थान आहे. तिथल्या व्रतस्थ स्त्रिया स्वतः यज्ञ करतात आणि महाराजांच्या पश्चात गोदावरीमातांनी ते सांभाळलं. अर्थाने कॉन्व्हेंटच्या सगळ्यांत जवळचं मराठी घर हेच, पण ‘स्थान’ शब्द एकटा काढला तर काहीच बोध होत नाही.

सदन मात्र नको. पंडिता रमाबाईंनी 1889 मध्ये मुंबईत शारदा सदन काढलं ते विधवांनी शिकावं म्हणून. व्रत घेण्याचा तिथे प्रश्नच नव्हता. गंमत म्हणजे कॉन्व्हेंट त्यांना जवळून ठाऊक होतं. 1883 मध्ये इंग्लंडला गेल्यावर वाँटेजला त्या सिस्टरांकडेच उतरल्या होत्या, आणि त्या सिस्टर कॅथलिक नव्हेत, अँग्लिकन. रमाबाईंवर लिहिताना ‘वाँटेजचा धर्मभगिनींचा मठ’ म्हणा आणि सदन त्यांच्या स्वतःच्या संस्थांसाठी राखून ठेवा.