डोंगरात पुरलेल्या सेन्सरला अणुबॅटरी द्यावी का?

वाशिष्ठीकाठ: आमच्या वाडीवरच्या डोंगरात जमिनीचा कल मोजणारे सेन्सर बसवले, त्यांतले दोन दुसऱ्याच जुलैत बंद पडले. गणपतीनंतर वर गेलो तर सौर पॅनेलवर शेवाळ, त्यावर ऐनाची फांदी आडवी आणि डब्यात बॅटरी फुगलेली. पावसात त्या चढावर पाय ठरत नाही आणि दरड तर पावसातच येते. २२ जुलै २०२१ ला चिपळुणात पुराचं पाणी घराघरांत शिरलं आणि त्याच दिवशी तळियेत दरडीखाली ८०हून अधिक माणसं गेली. तेव्हापासून पावसाचा जोर वाढला की आमच्याकडे म्हातारी माणसं जागीच असतात.

म्हणून हे मांडतोय. बीजिंगच्या बीटाव्होल्ट कंपनीने जानेवारी २०२४ मध्ये निकेल-६३ ची अणुबॅटरी जाहीर केली, म्हणजे या किरणोत्सारी धातूतून निघणाऱ्या बीटा कणांपासून (इलेक्ट्रॉनांपासून) वीज करणारी. १५ × १५ × ५ मिलिमीटर, ३ व्होल्ट, १०० मायक्रोवॅट, आणि ५० वर्षं चालेल असा दावा. निकेल-६३ चं अर्धायुष्य (किरणोत्सार निम्मा व्हायला लागणारा काळ) सुमारे १०० वर्षं, म्हणजे ५० वर्षांनीही ७० टक्के किरणोत्सार शिल्लक राहतो. ऊन नको, चार्जिंग नको. माझ्या मते डोंगरातल्या सेन्सरला हीच हवी.

सोल्डरगन: दादा, कळकळ पोचली, पण हिशेब करू. १०० मायक्रोवॅट म्हणजे दिवसाला ८.६ ज्यूल. मोबाइलची ५००० एमएएच बॅटरी यावर भरायला २२ वर्षं लागतील. सेन्सरचं मात्र भागेल. कपॅसिटरमध्ये साठवून तासाला एक लोरा संदेश (थोड्या विजेत दूर जाणारा रेडिओ संदेश) सहज जातो, त्याला साधारण ०.१ ज्यूल लागतो.

पण हेच काम लिथियम थायोनिल क्लोराइडचा, चार्ज न करता वापरायचा मोठा सेल करतो की! ३.६ व्होल्ट, १९ अँपिअर-तास. १०० मायक्रोवॅटने कागदावर ७८ वर्षं. विजेची आपोआप होणारी गळती धरून मी दहाच वर्षं मोजतो. तुमची फुगली ती चार्जिंगची बॅटरी असणार, बंद डब्यातल्या मे महिन्याच्या उष्म्याने गेली. शिवाय आपल्याकडची खारी हवा चार-पाच वर्षांत कनेक्टर खाते. पाच वर्षांच्या यंत्रात ५० वर्षांचा सेल कशाला?

वाशिष्ठीकाठ: उघड्यावरच्या यंत्रांपुरतं पटलं. पण दोन सेन्सर बोअर मारून, वरून सिमेंट भरून कायमचे पुरायचे आहेत. त्यांना ना खारी हवा लागणार, ना कनेक्टर. दहा वर्षांनी सेल संपला की पुन्हा बोअर मारायचा का?

खाडीपलीकडे: माझा ठाम विरोध आहे. दरड आली की तुमचा पुरलेला सेन्सर मातीबरोबर पऱ्यात येणार, तिथून खाडीत. आमच्या बायका त्याच खाडीत तिसऱ्या (शिंपल्या) काढतात. एप्रिल २०१० मध्ये दिल्लीत मायापुरीच्या भंगारबाजारात काय झालं? विद्यापीठाच्या प्रयोगशाळेतलं जुनं यंत्र लिलावात गेलं, आत किरणोत्सारी कोबाल्ट-६० होतं, एक माणूस दगावला. २००१ मध्ये जॉर्जियाच्या जंगलात लाकूडतोड्यांना गरम धातूचे तुकडे सापडले, ऊब मिळावी म्हणून रात्री जवळ घेऊन बसले. सोव्हिएत काळातल्या अणुजनित्रांचं स्ट्रॉन्शियम-९० होतं ते. विद्यापीठाला सांभाळता आलं नाही, ते वाडी सांभाळणार?

बीटाकण: ताई, दोन्ही घटना खऱ्या, पण वस्तू वेगळी. कोबाल्टचे गॅमा किरण दुरूनही शरीरात शिरतात. निकेल-६३ गॅमा सोडत नाही. त्याचे बीटा कण जास्तीत जास्त ६७ किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टचे, त्वचेच्या मृत थरातच अडकतात. शेवटी त्याचं साधं तांबं होतं. बंद सेल हातात धरला तरी इजा नाही. धोका आहे तो सेल फुटून कण पोटात किंवा फुप्फुसात गेले तर.

ही बॅटरी महाग पडते, त्याचं कारणही सांगतो. नैसर्गिक निकेलमध्ये निकेल-६२ फक्त ३.६ टक्के. ते वेगळं काढून अणुभट्टीत न्यूट्रॉनच्या माऱ्यात ठेवल्यावर निकेल-६३ मिळतं.

खाडीपलीकडे: बंद सेलचं कोण बोलतंय? मी फुटलेल्याचंच विचारते. डोंगर खाली येतो तेव्हा जांभ्याचे चिरे फुटतात, तुमचा डबा काय टिकणार? १०० मायक्रोवॅटला किती माल लागतो तेही सांगा.

बीटाकण: दहा टक्के ऊर्जेची वीज झाली असं धरलं तर सुमारे १० क्युरी (क्युरी हे किरणोत्साराचं माप). ही मात्रा किरकोळ नाही. आपल्याकडे त्याला अणुऊर्जा नियामक मंडळाचे नियम लागतात, आणि काम संपलं की स्रोत परत द्यावा लागतो. १९७० च्या दशकात किरणोत्सारी प्लुटोनियम-२३८ वर चालणारे पेसमेकर बसवले, ते उत्तम चालले. पण माणूस गेला की सेल काढून परत पाठवावा लागे. लिथियम आल्यावर ते मागे पडले. कायमचं पुरायचं आणि परतही करायचं, हे दोन्ही जमणार नाही.

वाशिष्ठीकाठ: परत करण्याचा विचार मी केलाच नव्हता. खाडीचाही नाही. उघड्यावरच्या यंत्रांत आगोटीआधी थायोनिल सेल घालतो. पुरलेल्या दोघांचा प्रश्न मात्र सुटलेला नाही, आणि तिथे मी अजून अणुबॅटरी सोडलेली नाही.

सोल्डरगन: ओल्या मातीतून रेडिओ निघत नाही, म्हणजे अँटेनासाठी केबल वर आणणारच ना? मग सेलही वरच्या डब्यात ठेवा, खाली फक्त सेन्सर. बोअर किती खोल आहे?

वाशिष्ठीकाठ: बारा मीटर. पण डोंगर सरकला की आधी केबलच तुटेल.

सोल्डरगन: तुटली की संदेश थांबेल. मग संदेश थांबणं हाच इशारा धरायचा. तासाऐवजी दहा मिनिटांनी पाठवू, दोन संदेश चुकले की वाडीत भोंगा. मोठ्या सेलला तेवढं झेपतं. बोअरचा व्यास कळवा, केबल मी बघतो.